दद्रुघ्न टाकळा : गजकर्णावरील एका वनौषधीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा

मृगाचा पाऊस पडून गेला की महाराष्ट्रात व गोव्यात रस्त्यांच्या कडेला, माळरानावर आणि शेताच्या बांधावर टाकळा उगवतो. तो कोणी पेरीत नाही, त्याला कोणी खत घालीत नाही. पहिल्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकणातील व आदिवासी भागातील घरोघरी आवडीने खाल्ली जाते. पुढे त्याला पिवळी फुले येतात आणि मग बारीक, किंचित वाकलेल्या, वीतभर लांबीपर्यंत वाढणाऱ्या शेंगा धरतात. त्या शेंगांतील कठीण, तपकिरी बी गजकर्णावर लावण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

याच दिवसांत गजकर्णही वाढते. अंगावरचे कपडे वाळत नाहीत, काखा व जांघा घामाने ओल्या राहतात आणि बुरशीला हवे तसे वातावरण आयतेच मिळते. ज्या ऋतूत रोग, त्याच ऋतूत दाराशी औषधी, हा योग पाहून लोकांची टाकळ्यावर श्रद्धा बसली यात नवल नाही. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "झाडपाल्याने हे बरे होईल का?" या प्रश्नाला केवळ होय किंवा केवळ नाही असे उत्तर देणे योग्य ठरत नाही. टाकळ्याची थोरवी गाणे वा त्याची हेटाळणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या वनस्पतीत खरोखर काय आहे, ती कोठवर उपयोगी पडते आणि कोठे थांबावे, एवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

रोगाचे स्वरूप

गजकर्ण, नायटा, दाद ही सर्व एकाच रोगाची नावे. जुन्या गजकर्णाची कातडी हत्तीच्या कानासारखी जाड व खरखरीत होते, त्यावरून हे नाव रूढ झाले असावे असे मानतात. हा रोग कोणत्याही किड्यामुळे होत नाही. तो बुरशीमुळे होतो. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, केसांत व नखांत केराटिन नावाचे प्रथिन असते. काही विशिष्ट बुरशी या केराटिनवरच जगतात. जेथे त्या रुजतात तेथून त्या चारी बाजूंनी बाहेर पसरत जातात. मधला भाग हळूहळू शांत होतो आणि कडा मात्र लाल, उंचावलेली, बारीक पुटकुळ्यांची राहते. म्हणूनच गजकर्णाचा चट्टा बहुधा कड्यासारखा वाटोळा दिसतो.

हा रोग संसर्गजन्य आहे. रोग्याचा टॉवेल, पंचा, अंथरूण, कंगवा, अंतर्वस्त्रे यांच्याद्वारे तो घरातील इतरांना होतो. कुत्री, मांजरे व गुरे यांच्या अंगावरूनही काही प्रकारची बुरशी माणसाकडे येते. त्यामुळे एकाच व्यक्तीवर उपचार करून घरातील इतरांकडे दुर्लक्ष केले तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि औषधाला गुण नाही असे वाटू लागते.

नावातच सांगितलेला गुण

संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज आणि दद्रुघ्न अशी नावे आहेत. दद्रू म्हणजे गजकर्ण. त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. चक्रमर्द या नावाचा अर्थही वाटोळ्या चट्ट्यांचे मर्दन करणारा असाच लावला जातो. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी रचलेल्या भावप्रकाशात ही नावे एकत्र आढळतात. त्याच्याही पुष्कळ आधीच्या चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, त्वचेवर लावावयाच्या ३२ लेपांचा संग्रह आहे. या अध्यायाचे नाव 'आरग्वधीय' असे आहे. आरग्वध म्हणजे आपला बहावा.

बहावा आणि टाकळा हे एकमेकांचे जवळचे आप्त आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. सोनामुखी आणि दादमर्दन हेही त्याच गोतातले. दादमर्दन मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील झुडूप; मेणबत्त्यांप्रमाणे उभ्या राहणाऱ्या त्याच्या पिवळ्या फुलोऱ्यामुळे ते आपल्या बागांतही लावले जाते. फिलिपाइन्समध्ये त्याला 'अकापुल्को' म्हणतात, आणि तेथील आरोग्य खात्याने लोकांना वापरण्यास सुचविलेल्या दहा औषधी वनस्पतींत त्याचा समावेश केला आहे. दोन खंडांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी एकाच गोतातील झाडांचा उपयोग त्वचेवरील बुरशीसाठी करावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

या साम्याचे कारण रसायनशास्त्राने दाखवून दिले आहे. या वनस्पतींत अँथ्राक्विनोन नावाच्या गटातील पिवळसर, तांबूस द्रव्ये असतात. क्रायसोफॅनिक आम्ल, इमोडिन, ऱ्हाइन ही त्यांपैकी काही. टाकळ्याच्या बियांतून बुरशीला रोखणारे मुख्य द्रव्य वेगळे काढल्याचे संशोधन १९७५ साली प्रसिद्ध झाले. ते क्रायसोफॅनिक आम्लाच्याच जवळचे, अँथ्रोन या प्रकारचे निघाले. अर्थात आपल्या पूर्वजांनी दिलेले दद्रुघ्न हे नाव पोकळ नव्हते. त्यामागे निरीक्षण होते आणि त्या निरीक्षणात तथ्य होते.

'गोवा पावडर'ने दिलेला धडा

वनस्पतीत गुण असणे ही एक गोष्ट आणि ती वनस्पती हे उत्तम औषध असणे ही दुसरी गोष्ट. हा फरक कळण्यासाठी याच रसायनाशी निगडित असलेला एक इतिहास उपयोगी पडतो, आणि त्यात गोव्याचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई व गोव्याच्या बाजारात गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाचे एक पिवळट तपकिरी चूर्ण मिळत असे. गोव्यातून येते म्हणून त्याला ते नाव पडले. प्रत्यक्षात ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ब्राझीलमधून आणलेले होते. तेथील बाहिया प्रांतात वाढणाऱ्या अरारोबा नावाच्या वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत हे चूर्ण साठते. हिंदुस्थानात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेले जोसेफ फेअरर यांनी १८७४ साली गजकर्णावरील त्याच्या उपयोगाविषयी लिहिले आणि युरोपातील डॉक्टरांचे लक्ष तिकडे वेधले गेले. गोवा पावडर आणि ब्राझीलमधील अरारोबा ही एकच वस्तू आहे हेही त्याच सुमारास, १८७५ साली, स्पष्ट झाले.

पुढे एक चमत्कारिक घटना घडली. एका रुग्णाने आपल्या अंगावरील चट्टे गजकर्णाचे समजून त्यांवर ही पावडर लावली. प्रत्यक्षात त्याला सोरायसिस होता, आणि तो कमी झाला. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी हे पाहून १८७६ पासून सोरायसिसवर तिचा वापर सुरू केला. १८७८ साली या पावडरीतील मुख्य द्रव्य क्रायसारोबिन असल्याचे रसायनशास्त्रज्ञ लीबरमान यांनी दाखविले. हे द्रव्य टाकळ्यातील द्रव्याचेच भाऊबंद आहे.

परंतु क्रायसारोबिनचे दोषही लवकरच दिसून आले. ते निरोगी कातडीची आग करी, कातडी व कपडे जांभळट तपकिरी रंगवी आणि चुकून डोळ्यांत गेले तर डोळे सुजवी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, जर्मनीत त्याला पर्याय म्हणून कारखान्यात तयार होणारे नवे द्रव्य पुढे आले. त्यालाच आज डायथ्रॅनॉल म्हणतात, आणि सोरायसिसच्या उपचारांत त्याला अजूनही स्थान आहे. गजकर्णाच्या बाबतीत मात्र या गटातील द्रव्ये मागे पडली, कारण बुरशीवर नेमका घाव घालणारी आणि कातडीला न पोळविणारी औषधे पुढे उपलब्ध झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्रिझिओफल्विन हे पोटात घेण्याचे औषध आले, त्यानंतर क्लोट्रिमॅझोलसारखी मलमे आली, आणि मग टर्बिनाफिन व इट्राकोनॅझोल आली.

या इतिहासातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा, की झाडातील द्रव्य प्रभावी असले म्हणजे ते सौम्य असतेच असे नाही; जे बुरशीला मारते ते आपल्या कातडीलाही पोळवू शकते. दुसरा असा, की सोरायसिसला गजकर्ण समजण्याची चूक त्या रुग्णाच्या सुदैवाने लाभदायक ठरली, परंतु निदानाच्या चुकीतून असा लाभ क्वचितच होतो.

खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे

टाकळ्यावरील बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत वाढविलेल्या बुरशीवर झालेले आहेत. बशीत बुरशी मरते याचा अर्थ एवढाच, की हे द्रव्य तपासून पाहण्याच्या योग्यतेचे आहे. माणसाच्या त्वचेत औषध किती खोल शिरते, किती वेळ टिकते, घामाने धुऊन जाते का, या प्रश्नांची उत्तरे बशी देऊ शकत नाही. त्यासाठी रुग्णांवर, आणि तुलनेसाठी औषध नसलेले मलम दिलेल्या दुसऱ्या गटावर, एकाच वेळी अभ्यास करावा लागतो.

असा अभ्यास कसा होतो आणि त्यातून काय कळते, हे ऑस्ट्रेलियात तेथील 'टी ट्री' या झाडाच्या तेलावर झालेल्या दोन प्रयोगांवरून चांगले समजते. झाड वेगळे असले तरी रोग आपल्या गजकर्णाचाच भाऊ होता : पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणारा बुरशीचा संसर्ग, ज्याला आपण चिखल्या म्हणतो त्या तक्रारीत पुष्कळदा आढळणारा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात १०४ रुग्ण होते. काहींना १० टक्के तेलाचे मलम, काहींना टोल्नाफ्टेट हे बुरशीनाशक आणि काहींना औषधविरहित मलम देण्यात आले. तेल लावणाऱ्यांची खाज, आग व सालपटे टोल्नाफ्टेटच्या गटाप्रमाणेच कमी झाली. रुग्ण समाधानी होते. परंतु प्रयोगशाळेत तपासले तेव्हा टोल्नाफ्टेटच्या गटात ८५ टक्के, तेलाच्या गटात ३० टक्के आणि औषधविरहित मलमाच्या गटात २१ टक्के रुग्णांचीच बुरशी नाहीशी झालेली आढळली. तेल आणि औषधविरहित मलम यांतील हा फरक शास्त्रीय कसोटीवर टिकण्याइतका मोठा नव्हता.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १५८ रुग्णांवर अधिक तीव्र द्रावण चार आठवडे वापरण्यात आले. ५० टक्के तेलाच्या गटात ६४ टक्के रुग्णांची बुरशी गेली, औषधविरहित द्रावाच्या गटात ३१ टक्क्यांची. म्हणजे मात्रा वाढविल्यावर गुण दिसला. मात्र तेल वापरणाऱ्यांपैकी चौघांच्या त्वचेला बऱ्यापैकी तीव्र दाह झाला, आणि तो औषध बंद केल्यावर शमला.

या दोन प्रयोगांत झाडपाल्याच्या उपचारांचे सारे सार आले आहे. खाज थांबली तरी बुरशी जिवंत राहू शकते. औषधाची मात्रा ठरलेली नसेल तर गुणही ठरलेला नसतो. मात्रा वाढली की अपायाची शक्यताही वाढते. आणि औषध नसलेल्या द्रावानेही काही रुग्ण बरे होतात, तेव्हा शेजारच्या एकाला अमुक पाल्याने गुण आला एवढ्यावरून तो पाला सर्वांना लागू पडेल असे म्हणता येत नाही. घरी वाटलेल्या टाकळ्याच्या बियांत औषधी द्रव्य किती आहे हे जमीन, पाऊस, बियांचे वय व वाटण्याची रीत यांवर अवलंबून राहते. दोन घरांतील दोन लेप कधीही एकसारखे नसतात.

झाडपाल्याहून मोठा धोका

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. आज आपल्या देशात गजकर्ण बळावण्याचे महत्त्वाचे कारण टाकळा नाही. ते कारण दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या मिश्र मलमांत आहे. या मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडमुळे लाली व खाज एक-दोन दिवसांत कमी होते, म्हणून रुग्णाला हे मलम जादूसारखे वाटते. परंतु लाली व खाज ही शरीराच्या प्रतिकाराची लक्षणे असतात. तो प्रतिकारच दडपला गेल्याने बुरशीला मोकळे रान मिळते. मलम बंद करताच चट्टे पूर्वीपेक्षा मोठे होऊन उठतात, रुग्ण पुन्हा तेच मलम आणतो आणि हे चक्र महिनोन् महिने चालते. कातडी पातळ होते, जांघेत व काखेत कायमचे पांढुरके ताण उमटतात. स्टिरॉइडने रूप पालटलेल्या अशा गजकर्णाचे वर्णन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच करून ठेवले होते. ओळख लपविलेले गजकर्ण अशा अर्थाचे नाव त्यांनी त्यास दिले.

या परिस्थितीची दखल घेऊन केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावावयाच्या १४ स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या 'एच' अनुसूचीत घातले. दरम्यान बुरशीनेही आपले रूप बदलले होते. भारतीय उपखंडात पसरलेल्या एका प्रकाराला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले. या बुरशीच्या पुष्कळ नमुन्यांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही. २०२३ साली अमेरिकेतही तिचे पहिले रुग्ण नोंदविले गेले. पूर्वी दोन आठवड्यांत बरा होणारा हा किरकोळ आजार आज कित्येक कुटुंबांचे महिन्यांचे उत्पन्न गिळतो, मुलांना शाळेत व तरुणांना कामाच्या ठिकाणी संकोच आणतो, आणि रात्रीची झोप नाहीशी करतो.

काही वेळा हीच फसवणूक झाडपाल्याच्या नावानेही होते. ज्यावर घटकद्रव्ये छापलेली नाहीत, किंवा ज्याने एका रात्रीत खाज थांबते अशी हमी दिली जाते, असे कोणतेही 'हर्बल' मलम संशयास्पद मानावे. वनस्पतीचा गुण इतक्या त्वरेने येत नाही.

चट्टा गजकर्णाचाच आहे काय?

प्रत्येक वाटोळा चट्टा गजकर्णाचा नसतो. इसब, सोरायसिस, शिबे यांचेही चट्टे वाटोळे असू शकतात. यांत सर्वांत महत्त्वाचा वेगळा रोग म्हणजे कुष्ठरोग. गजकर्णाला खाज सुटते; कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुधा खाज नसते, त्याचा रंग भोवतालच्या कातडीहून फिका वा तांबूस असतो, आणि तेथे स्पर्शाची, उष्णतेची वा वेदनेची जाणीव कमी झालेली असते. त्रास होत नाही म्हणून लोक अशा चट्ट्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा नायटा समजून त्यावर टाकळा, गंधक, मलम असे काहीबाही लावीत राहतात. या काळात आतल्या आत मज्जातंतू निकामी होत जातात, आणि हातापायांची बोटे वाकली म्हणजे मग धावाधाव होते.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आणले. पण रोग नाहीसा झाला असा त्याचा अर्थ नव्हे. बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. मात्र गेलेली बधिर बोटे परत मिळविणे कठीण असते. म्हणून चट्ट्यावर काहीही लावण्यापूर्वी कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करून पाहावा. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळला नाही, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे.

गजकर्णाची खात्री करण्याची तपासणी साधी आहे. चट्ट्याच्या कडेची कोंड्यासारखी खपली बोथट पात्याने काचपट्टीवर घेतात, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कातडीच्या पेशी विरघळून बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. या तपासणीला ना महागडे यंत्र लागते, ना रुग्णाला वेदना होते. तपासणीस येण्यापूर्वी काही दिवस चट्ट्यावर मलम वा लेप लावलेला नसेल तर निष्कर्ष अधिक विश्वसनीय मिळतो.

टाकळा केव्हा आणि कसा वापरावा

निदान गजकर्णाचे ठरले, चट्टा एखादाच व लहान आहे, नवा आहे आणि हातापायावर किंवा पाठीवर आहे, अशा वेळी वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या माहितीने टाकळ्याचा लेप लावण्यास फारशी हरकत नसते. परंपरेत वाळलेले बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावतात. त्यांपैकी लिंबाचा रस टाळावा हे बरे. तो लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. बी स्वच्छ धुऊन, स्वच्छ पाट्यावर वाटलेले असावे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लेप लावून एक दिवस वाट पाहावी. आग झाली, फोड आले वा सूज दिसली तर तो लेप आपल्यासाठी नाही असे समजावे. दोन आठवड्यांत चट्ट्याची कड मावळू लागली नाही, तर लेप थांबवून रुग्णालयात यावे. लेप आणि डॉक्टरांचे मलम एकाच जागी एकाच वेळी लावू नये.

पुढील प्रसंगी मात्र घरगुती उपचार करूच नयेत. लहान मुलाच्या डोक्यातील गजकर्णात बुरशी केसांच्या मुळांत असते. तेथे कोणताही लेप पोहोचत नाही, पोटात घेण्याचेच औषध लागते, आणि उशीर झाल्यास त्या जागी कायमचे टक्कल पडू शकते. नखांच्या रोगाचेही तसेच. चेहरा, डोळ्यांभोवतालचा भाग, जांघ व गुप्तांगे येथील नाजूक कातडी लेपाने पोळते. मधुमेही रुग्ण, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, तसेच चट्टे अंगभर पसरलेले रुग्ण यांनी थेट डॉक्टरांकडे जावे. चट्ट्यातून पू येत असेल, भोवती लाल गरम सूज पसरत असेल किंवा ताप आला असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग समजावा. अशा वेळी झाडपाला लावणे घातक ठरते. आणि बिब्बा कोणत्याही परिस्थितीत त्वचारोगावर लावू नये. त्याच्या तेलाने मोठाले फोड उठून मूळ आजाराहून भयंकर जखम होते.

औषधाइतकेच महत्त्वाचे पथ्य

औषध कोणतेही असो, घरातील पथ्य पाळले नाही तर गजकर्ण परतते. रुग्णाचा टॉवेल, पंचा व अंथरूण वेगळे असावे. अंतर्वस्त्रे रोज बदलून गरम पाण्यात धुवावीत, उलटी करून उन्हात वाळवावीत आणि पावसाळ्यात इस्त्री फिरवूनच घालावीत. आंघोळीनंतर काखा, जांघा व बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्यात. घट्ट कपड्यांऐवजी सैल सुती कपडे वापरावेत. कमरेचा करगोटा सदैव ओला राहतो व त्यात बुरशी घर करते. श्रद्धेचा मान राखून उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवावा, अथवा वरचेवर बदलावा. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते पूर्ण करावे.

समारोप

आपल्या पूर्वजांनी टाकळ्याला दद्रुघ्न म्हटले, त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्या हाती असलेल्या साधनांत ते उत्तम औषध होते. परंतु त्यांनी उपचाराआधी रोगाची परीक्षा करावयासही सांगितले आहे, आणि तेच आपण विसरत चाललो आहोत. आज नवे औषध काय किंवा जुना लेप काय, निदानावाचून दोन्ही आंधळेच आहेत. झाडपाल्याने हे बरे होईल का, या प्रश्नाच्या आधी हे आहे तरी काय, हा प्रश्न विचारावयास हवा.

देणगीदारांच्या व विश्वस्तांच्या दृष्टीनेही यात एक विचार आहे. रुग्णसेवेत मोठ्या यंत्रांचे मोल आहेच. पण एक सूक्ष्मदर्शक, काही काचपट्ट्या, थोडे रसायन आणि रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर एवढ्यानेही एखाद्या कुटुंबाचा महिनोन् महिन्यांचा त्रास व खर्च वाचतो, आणि एखाद्याची बोटेही वाचतात. रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती एवढीच, की चट्टा लहान असतानाच तो दाखवावा, घरी जे काही लावले असेल ते संकोच न करता सांगावे, आणि मलमाची जुनी नळी असल्यास ती बरोबर आणावी. टाकळा लावला म्हणून कोणी रागावणार नाही. तो लावल्याचे सांगितले तर उपचार अधिक नेमका होईल.